परसातली झुडपे : काय कुठे लावावे, काय लावू नये

भाजीचा वाफा दर हंगामाला बदलता येतो. झुडूप मात्र एकदा लावले की दहा-पंधरा वर्षे त्याच जागी राहते. म्हणून खड्डा खणण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारावी. पावसाचे पाणी कोठे साचते, भिंतीची सावली कोठवर येते, गुरे कोणत्या वाटेने गोठ्यात जातात आणि मुले कोठे खेळतात हे पाहून ठेवावे. शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या, आणि नेमक्या त्याच आपण विसरतो.

गुरे ज्याला तोंड लावीत नाहीत ते कुंपणाला बरे, असा आपला जुना हिशेब. त्यामुळे पुष्कळ कुंपणांवर विषारी झुडपेच असतात. कण्हेर घ्या. हिरवी कण्हेर गाय सहसा खात नाही. पण छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ पडल्या आणि सुकलेली पाने चाऱ्यात मिसळली की ती पोटात जातात. सुकल्याने कण्हेरीचे विष जात नाही. ते हृदयावर काम करते, आणि मोठे जनावर मरायला थोडी पानेही पुरतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना मुले बिट्ट्या म्हणून खेळायला घेतात, माणसाचाही जीव घेतात. मोगली एरंडाची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून मुले ती फोडून खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. घाणेरी कोणी मुद्दाम लावीत नाही, ती आपोआप माजते. चाऱ्याच्या टंचाईत गुरांनी ती खाल्ली की यकृत बिघडून कावीळ होते व उन्हात कातडी सोलून निघते.

घरात लहान मुले किंवा गोठ्यात जनावरे असतील तर ही झुडपे मुळासकट काढावीत. फांद्या दूर खड्ड्यात पुराव्यात. कण्हेर जाळू नये, तिचा धूरही बाधतो. मुलाने बी खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. त्यात वेळ जातो आणि अपायही होतो. त्रास सुरू होण्याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा. खाल्लेल्या झाडाची फांदी बरोबर न्यावी.

मग कुंपणाला काय लावावे? आमच्या मते अडुळसा, आणि जागा मोठी असेल तर निर्गुडी. कडूपणामुळे अडुळशाला गुरे-शेळ्या सोडून देतात. जुन्या फांदीचे वीतभर, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून, दोन डोळे मातीत जातील असे दोन-दोन फुटांवर खोचावेत. मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, सांजांवच्या सणाच्या (24 जून) सुमारास हे काम केले तर पाणी घालावे लागत नाही. निर्गुडीही फांदीवर येते. तिला तीन फूट अंतर द्यावे. तिचा सुका पाला धान्याच्या कणगीत घालायची आपली जुनी पद्धत आहेच.

अडुळसा दारात असला की खोकल्यावर काढा होतो. त्याच्या पानातल्या वासिसीन या द्रव्यावरूनच खोकल्याचे ब्रोमहेक्सिन हे औषध पुढे तयार झाले. मात्र गरोदर बाईला हा काढा देऊ नये, गर्भाला धोका असतो. आणि कोणाचाही खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर काढ्यावर दिवस न काढता सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात. अडुळशाने खोकला थोडा सैल होतो, क्षय बरा होत नाही.

आता घराजवळची झुडपे. त्यांचे खड्डे एप्रिल-मेमध्ये दीड-दोन फुटांचे खणून उन्हात तापू द्यावेत, मग माती आणि दोन पाट्या कुजलेले शेणखत घालून भरावेत. कच्च्या शेणाने वाळवी येते. खानापूर व गोव्याकडच्या भरपूर पावसात आणि बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या रानातही रोप थोड्या उंचवट्यावर लावावे, नाहीतर मुळे कुजतात. रोप लहान दिसते म्हणून दाटी करू नये. जास्वंद वाढून पाच फूट पसरते. भिंतीपासून तिला तीन फूट तरी दूर ठेवावे. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये.

कढीपत्ता स्वयंपाकघराच्या मागे, जेथे तांदूळ-भाजी धुतल्याचे पाणी जाते तेथे लावावा. बी काळे पिकलेले, ताजेच पेरावे. ठेवलेले उगवत नाही. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. कळ्याही काढाव्यात. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, दोघांवर तीच अळी येते. ती आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. हाताने वेचून टाकावी. पाने रोज फोडणीत जातात, म्हणून फवारणीचे औषध येथे नकोच. जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाच्या पाण्याने फांदी धुवावी.

मोगऱ्याला भरपूर ऊन हवे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून मे महिन्यात पवित्र मरियेच्या वेदीसाठी फुले हवी असतील तर तयारी थंडीतच करावी लागते. डिसेंबरमध्ये पाणी तोडावे. जानेवारीत धारदार हत्याराने फांद्या निम्म्या छाटाव्यात, वाळलेल्या बुडातून काढाव्यात. मग बुंधा हलका खणून एक पाटी शेणखत द्यावे व पाणी पुन्हा सुरू करावे. पावसाळ्याच्या तोंडावर छाटू नये. त्याने नुसता पाला माजतो.