खेळातील तटबंदी आणि गाविलगड

चिमुकले सैनिक मांडून लढाई खेळण्याचे नियम एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली पुस्तकात दिले. आम्ही वसतिगृहाच्या फरशीवर खडूने डोंगर आखून, खोडरबरांचे सैन्य करून गाविलगड खेळतो. माझ्याकडे किल्लेदारी असते. पहिल्या डावात सगळे गुण मी तटावर खर्चले. शिपाई उरले चार. हरलो.

खुद्द गाविलगडाचे काय झाले? २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावची लढाई जिंकून वेलस्ली इकडे वळला. स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरातून तोफा हातांनी ओढून आणल्या आणि उत्तरेचा बाहेरचा तट फोडला. आतल्या किल्ल्याचा तट मात्र शाबूत होता. १५ डिसेंबरला कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी शिडीने तोच ओलांडून दार आतून उघडले. किल्लेदार बेनीसिंग पडला.

म्हणून आमचा नियम असा: अडथळा शत्रूची एक खेळी खातो, बस्स. तो आपल्या शिपायाच्या माऱ्याच्या टप्प्यात असेल तरच त्याचे गुण धरायचे.

हे वडिलांना आधीच ठाऊक होते. “कुपाटीनं डुक्कर थांबत नाई, घडीभर थबकते,” ते म्हणत. मागल्या वर्षी माझी परीक्षा होती आणि ते तापाने पडले. दोन रात्री जागलीला कोणी नव्हते. कुपाटी जागच्या जागी, फक्त एक भोक. अर्धा हरभरा गेला.

पुढच्या डावात मी दोन तट काढून सहा शिपाई घेतले.