दिवस भरत आले असता

गर्भारपणाचे ३७ आठवडे भरले म्हणजे बाळंतपण कधीही होऊ शकते. या दिवसांत झोप मोडते, पाय सुजतात, मन धास्तावते. ‘सगळ्याच बायकांचे असे होते’ म्हणून गर्भवतीला गप्प बसवू नये. तिचे ऐकून घ्यावे.

मधूनच येऊन विसाव्याने थांबतात त्या खोट्या कळा. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात व वाढत जातात. परंतु रक्तस्राव, पाणमोट फुटणे, फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घात पुष्कळदा येथेच होतो. गाडी कोणाची, पैसे कोठून, विचारायचे कोणाला, यातच रात्र सरते. म्हणून हे आधीच ठरवावे. तपासणीचे कागद, स्वच्छ जुनी लुगडी व बाळाची दुपटी एका पिशवीत भरून ठेवावी. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक भिंतीवर लिहावा. सोबत कोण जाईल, गरज पडल्यास रक्त कोण देईल, थोरली मुले कोण सांभाळील, हेही बोलून घ्यावे.

विचारासाठी प्रश्न : आपल्या मंडळीत सध्या कोणाचे दिवस भरत आले आहेत? तिची थोरली मुले त्या रात्री कोणाच्या घरी निजतील?