वादळ कमजोर झालं होतं, तरी माझे 21,800 रुपये गेले



मागच्या व्हिडिओत आपण दिवाळीनंतरच्या स्टॉकचा हिशोब पाहिला. आजचा धडा त्याच्याच पुढचा आहे, पण थोडा वेगळा. किनाऱ्याजवळ दुकान असेल आणि बातम्यांत "अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा" असं ऐकू आलं, तर त्या क्षणापासून दुकानदाराने काय करायचं? वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं वादळ म्हणजे मे-जून. पण अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान 11 नोव्हेंबर 2009 ला आपल्या किनाऱ्यावर आलं होतं. ओखी 2017 च्या डिसेंबरमध्ये आलं. आणि हा दुसरा हंगाम दुकानदाराला जास्त महागात पडतो. कारण सोपं आहे. जूनमध्ये आपण पावसाच्या तयारीत असतो, ताडपत्री बाहेर काढलेली असते. डिसेंबरमध्ये मात्र लग्नसराई, नाताळ, थर्टी फर्स्टचे पर्यटक यांच्यासाठी दुकान भरलेलं असतं आणि ताडपत्री माळ्यावर असते.

माझी चूक

आमचं किराणा दुकान रायगड जिल्ह्यात, खाडीकाठच्या बाजारात. 2017 साली मी नवीन होते. बीबीए झालेली सून दुकानात बसली म्हणून घरच्यांना कौतुक. मी वितरकाकडून सीझनचा माल एकगठ्ठा उचलला, कारण स्कीम चांगली होती. जागा नव्हती म्हणून गोण्या मागच्या खोलीत जमिनीवरच रचल्या.

ओखी कन्याकुमारीच्या बाजूने लक्षद्वीपवरून वर येत होतं. केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमार बोटी आसऱ्याला देवगड बंदरात आल्या होत्या, 900 पेक्षा जास्त माणसं. 4 डिसेंबरला आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण मावशी दुकानात आली. मागची खोली बघून म्हणाली, "पोरी, कालच पुनव झाली. उधाण आहे अजून. त्यात पाऊस लागला तर गटार उलटं वाहील. गोणी वर घे."

मी म्हटलं, "मावशी, वादळ कमजोर झालंय, बातम्यांत सांगितलं."

बातमी खरी होती. ओखी पुढे गुजरातच्या किनाऱ्याकडे जाता जाता विरलं. आमच्याकडे एक कौलही उडालं नाही. पण रात्रभर अवकाळी पाऊस पडला, मध्यरात्रीनंतर भरती आली, गटाराचं पाणी खाडीत उतरेना, ते बाजारात शिरलं. मागच्या खोलीत जेमतेम सहा इंच पाणी. खालच्या थरातल्या साखरेच्या 6 गोण्या, मैद्याच्या 4, पोह्यांच्या 5. खरेदीच्या भावाने 21,800 रुपये.

आता हिशोब करा. किराण्यात सगळा खर्च जाऊन माझ्या हातात 5 टक्के राहायचे. म्हणजे 21,800 भरून काढायला 4,36,000 रुपयांची विक्री करावी लागणार. सहा इंच पाण्यासाठी!

विम्याने काय दिलं?

विमा होता. पण तो बँकेच्या कर्जाच्या वेळी 6 लाखांचा काढलेला, आणि त्या दिवशी दुकानात माल होता 10 लाखांचा. यालाच कमी विमा म्हणतात. कंपनी म्हणते, तुम्ही 60 टक्केच विमा घेतलाय, तर नुकसानीच्याही 60 टक्केच देऊ. 21,800 चे झाले 13,080. त्यातून नैसर्गिक आपत्तीसाठी आमच्या पॉलिसीत पहिले 10,000 आपल्या खिशातून होते. हातात आले 3,080.

कोणी फसवलं नाही. सगळं पॉलिसीत लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

तुमच्यासाठी सांगते: 1 एप्रिल 2021 पासून एका जागी 5 कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आली आहे. तिच्यात कमी विमा 15 टक्क्यांपर्यंत असेल तर माफ आहे. पण माझ्यासारखा 40 टक्के कमी असेल तर कापणार म्हणजे कापणारच. म्हणून विम्याची रक्कम सरासरी स्टॉकवर ठरवू नका, सीझनच्या सगळ्यात भरलेल्या दिवसावर ठरवा.

आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. नियमित जीएसटीत असाल आणि माल भिजून टाकून द्यावा लागला, तर त्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. कलम 17(5)(एच). नुकसान मांडताना हा खर्चही धरा आणि आपल्या सीएशी बोला.

तीन दिवसांचं नियोजन

हवामान खातं वादळाची सूचना टप्प्याटप्प्याने देतं. साधारण 72 तास आधी पहिली सूचना, 48 तास आधी इशारा, 24 तास आधी पुढचा, जास्त गंभीर इशारा. आपणही कामं तशीच वाटून घेऊ.

72 तास आधी: ऑर्डर. वहीत तीन रकाने करा. पहिला "थांबवा": दूध, अंडी, आइस्क्रीम, फ्रीजमधलं सगळं. दुसरा "मागवा": मेणबत्त्या, काडेपेटी, सेल, बिस्किटं, दूध पावडर, मीठ, पिण्याचं पाणी. तिसरा "पुढे ढकला": सीझनचा मोठा माल. वितरकाला फोन करून चार दिवस उशिरा पाठव म्हणा. तो नाराज होत नाही, त्यालाही भिजलेला माल नकोच असतो. आणि त्याच दिवशी भरतीची वेळ बघा. नुसता वाऱ्याचा वेग बघू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास वादळ असेल तर कमजोर वादळही पाणी आणतं.

48 तास आधी: माल आणि कागद. जमिनीवर काहीही नको. रिकामे क्रेट किंवा विटांवर फळ्या टाकून किमान दीड फूट उंची करा. वर महाग माल, खाली बाटलीबंद आणि पत्र्याच्या डब्यातला. भिंतीपासून चार बोटं अंतर. मग प्रत्येक रॅकचा फोटो, मोबाइलवर तारीख-वेळ येते. पॉलिसी, शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, खरेदीची बिलं यांचे फोटो स्वतःलाच ईमेल करा. उधारीची यादी कागदावर उतरवा. मोबाइलमधलं खातं चार्जिंग संपलं की बंद.

24 तास आधी: पैसे आणि माणसं. वीज गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की यूपीआय जातं. 10, 20, 50 च्या सुट्ट्या नोटा गल्ल्यात हव्यात. फ्लेक्सचा बोर्ड उतरवा, तो उडाला तर दुसऱ्याच्या डोक्यात जाईल. मेन स्विच बंद. कामगारांना उजेडात घरी पाठवा. माल परत मिळतो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर शटरच्या आत लिहून ठेवा.

आणि हो, मेणबत्तीचा भाव वाढवू नका. एमआरपीच्या वर विकणं गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट, छोट्या गावात लोक वादळ विसरतात, पण वादळात कोणी लुटलं ते विसरत नाहीत.

वादळानंतर: आधी फोटो, मग झाडू. भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ फोटोत आली पाहिजे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत ओला माल वेगळा ठेवा, टाकू नका. आणि भिजलेलं खाण्याचं सामान वाळवून विकू नका, कितीही जीव तुटला तरी.

परीक्षा झाली 2020 ला

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. हे कमजोर नव्हतं. आमचे पत्रे गेले. पण माल फळ्यांवर, वरून ताडपत्री दोरीने बांधलेली. थोडं नुकसान झालं, दुकान बसलं नाही. विमा या वेळी पूर्ण रकमेचा होता.

वीज कित्येक दिवस नव्हती. एटीएम बंद, मोबाइल बंद. लोकांकडे पैसे होते, पण बँकेत. चौथ्या दिवशी सासूबाईंनी शटर अर्धं उघडलं आणि मला म्हणाल्या, "वही काढ." त्या महिन्यात 64,000 रुपयांची उधारी दिली. माझ्या बीबीएच्या पुस्तकाप्रमाणे हा वेडेपणा होता. आठ महिन्यांत 58,000 परत आले. सगळ्यात आधी पैसे दिले ते कोळीण मावशीने, ज्या घरावर छप्पर राहिलं नव्हतं त्या घरातून. राहिलेले 6,000 मी कधी मागितले नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

1. पॉलिसी काढा. विम्याची रक्कम आणि आजचा स्टॉक शेजारी-शेजारी लिहा. टक्केवारी काढा.
2. जमिनीवर ठेवलेल्या मालाची किंमत मोजा. तिला आपल्या निव्वळ नफ्याच्या टक्क्याने भागा. तेवढी विक्री तुम्ही जमिनीवर ठेवली आहे.
3. बाजारातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा: "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" त्या उंचीवर खडूने रेघ मारा.

तिसरा गृहपाठ सगळ्यात आधी करा. ती रेघ मी 2017 च्या आधी विचारली असती, तर आजचा धडा मला लिहावा लागला नसता.

भेटू पुढच्या धड्यात. दुकान जपा, माणसं जपा.