बारावीचं इंग्रजी : घरी करून घ्यायचा अभ्यास

सभासद बंधूंनो, बारावीला इंग्रजीचे लेखी ८० अन् तोंडी २० गुण. गाइड पाठ केलेलं पोरगं तोंडीला अडतं. कर्मणी प्रयोगच घ्या : 'द हाउसेस वेअर सबमर्ज्ड.' अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीची घरं सरदार सरोवरात बुडाली; पण बुडवली कुणी, हे वाक्यात दिसत नाही. 'द डॅम सबमर्ज्ड द हाउसेस' म्हटलं की कर्ता पुढं येतो. मोठ्या धरणांचं कर्ज थांबवा, असं जागतिक बँकेला सांगणारा १९९४ चा मणिबेली जाहीरनामा इंग्रजीतच होता.

आता आपल्याकडचं. 'द केन वॉज वेड', म्हणजे ऊस तोलला गेला. कुणी तोलला? (काट्यावर आपण हेच विचारतो!) तो घालून वाक्य फिरवायचं. अशी पाच वाक्यं पोरानं रोज मोठ्यानं म्हणावीत. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी समोर बसा. अडखळलेलं कानाला कळतं.