डोंगर सरकण्यापूर्वी

अहिल्यानगर म्हटले की दुष्काळ, चारा छावण्या आणि ऊसतोडीला निघालेली कुटुंबे डोळ्यांसमोर येतात. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर उभे आहे आणि घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. हिमालयात हिमस्खलन होते, सह्याद्रीत दरड कोसळते. तेथे कमकुवत थरावरून वरचे बर्फ घसरते. येथे खडकावरची माती व मुरूम.

यामागील कार्यकारणभाव समजून घेतला पाहिजे. पाणी मुरत गेले की मातीचे वजन वाढते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि त्यांची परस्परांवरील पकड सुटते. त्यात पायथा खोदलेला, झाडे तोडलेली किंवा ओढ्याची वाट बुजवलेली असेल, तर धोका अधिकच वाढतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, तर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तेथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. तिन्ही घटना जुलैमधील, तिन्ही मुसळधार पावसातील.

इर्शाळवाडीतील काही मुले निवासी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. पण त्यांच्यापैकी काहींचे आईवडील उरले नाहीत. निवासी शाळेत शिकवणाऱ्या आम्हांला ही बातमी परकी वाटली नाही. याला नशीब म्हणणे आम्हांस मान्य नाही. सपाट, सुपीक जमीन कोणाकडे राहिली आणि उतारावर कोणाला घर बांधावे लागले, हा भूगोलाइतकाच इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सुरक्षित पुनर्वसन हेच आहे आणि ते ग्रामसभेत ठरावाने मागितले पाहिजे.

तोवर खुणा ओळखाव्यात. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, दारे अचानक घट्ट बसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ओढ्याचा प्रवाह पावसातही अचानक आटणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे: यांपैकी एक जरी दिसले तरी सामान गोळा करीत बसू नये. ओढ्याच्या वाटेने खाली न धावता बाजूला, उतारापासून दूर जावे. ११२ वर किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर कळवावे. पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नये. मुरलेले पाणी नंतरही डोंगर सरकवू शकते.

माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: जूनपूर्वी एकदा आपल्या वाडीमागचा डोंगर चढून पाहा आणि जे दिसेल ते घरच्यांना समजावून सांगा. शिकलेल्या माणसाचे ते पहिले देणे आहे.