हवेच्या झडपा घट्ट झाल्या तर कोणते वंगण?



डहाणूची खारी, दमट हवा आणि तलासरीकडील गावरस्त्यांची धूळ यांमुळे जीप-मोटारीतल्या हवेच्या झडपा घट्ट होतात. भर पावसात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर समोरच्या काचेने वाफ धरली आणि हवा काचेकडे वळवणारा खटकाच हलेना, तर जिवाशी गाठ!

बैलगाडीच्या आसाला चालते ते वंगण इथे चालत नाही. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस धूळ धरते, मग खटका आणखी चिकटतो. काही प्लॅस्टिक तर त्याने फुगते, तडकते.

म्हणून आधी मऊ ब्रशने धूळ काढावी. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासते तिथे सिलिकॉनचे वंगण काडीला कापूस गुंडाळून अगदी थोडे लावावे. थेट फवारू नये. काचेवर उडाले तर रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही, ब्रेकच्या पायट्यावर पडले तर पाय घसरतो. आतली लोखंडी तार जड झाली असेल तर तिला पांढरे लिथियम ग्रीस द्यावे.

तरीही खटका हलेना तर जोर करू नका. तार निसटली असेल, मेस्त्रीला दाखवा. मृगापूर्वी एकदा तपासून घ्याच.

— ऊस विकास अधिकारी