फौजीच्या घराची गोष्ट

आपल्या सुरतच्या पांडेसऱ्यातल्या मुलांना फौजीच्या घराची गोष्ट सांगणं अवघड नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आपण इथे डाईंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये कामाला आलो. कुणाची बायको-पोरं वर्षानुवर्षं गावीच राहिली, कुणाला सख्ख्या बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही. सणाला बाप घरी नसतो म्हणजे काय, हे या मुलांना ठाऊक आहे. पण घरून वाईट फोन आला तर आपण रात्रीच उधन्याला जाऊन गाडी पकडतो. सीमेवरच्या चौकीतल्या जवानाला तसं उठून निघता येत नाही. बर्फाने वाट बंद असली तर सुट्टी मंजूर होऊनही तो तिथेच अडकतो. एवढा फरक मुलांना शांतपणे, जवळ बसवून सांगा.

पंधरा ऑगस्टला आपण लेकराला फौजीचा ड्रेस घालतो, हातात प्लास्टिकची बंदूक देतो. हौस जरूर करावी. पण सैनिक म्हणजे नुसती बंदूक, असं त्याच्या डोक्यात बसू नये. त्या दिवशी त्याला कारवारच्या राम राघोबा राणे यांची हकीकत सांगा. ते बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनियरांच्या दलाचे अधिकारी. एप्रिल 1948 मध्ये जम्मू-काश्मीरच्या लढाईत आपले रणगाडे नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले, तर वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, वरून तोफांचा आणि गोळ्यांचा मारा. 8 एप्रिललाच राण्यांचे दोन जवान गेले, ते स्वतः जखमी झाले. तरी 11 तारखेपर्यंत ते सुरुंग काढत राहिले, अडथळे उडवत राहिले, जिथे वाटच नव्हती तिथे बाजूने रस्ता करत राहिले. परमवीरचक्र त्यांना या कामासाठी मिळालं. मुलांना हे फार आवडतं, माझा अनुभव आहे. रस्ता करणाराही शूर असतो, हे त्यांना नवीन असतं.

गावी सुट्टीवर आलेला फौजी भेटला की मूल पटकन विचारतं, ‘काका, तुम्ही किती जणांना मारलं?’ तिथे त्याला हळूच आवरा. त्या माणसाने काय पाहिलंय, कुणाला खांदा दिलाय, आपल्याला माहीत नसतं. तिथे थंडी किती असते, जेवायला काय मिळतं, हे विचारू द्या.

आणि मुलांना फौजीच्या घरच्यांचा विसर पडू देऊ नका. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले. मागे पत्नी स्वाती आणि दोन लहान मुलं. स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. ती बातमी आपण अभिमानाने वाचली. पण मधली जवळजवळ दोन वर्षं त्या घराने कशी काढली असतील, याचाही विचार मुलांबरोबर करावा. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, 1949 पासून. त्यासाठी जमणाऱ्या निधीतून वीरपत्नींना, जखमी जवानांना, माजी सैनिकांना मदत होते. त्यात मुलाच्या खाऊच्या पैशातले दोन रुपये त्याच्याच हातून पडू द्या.

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची असते. भरती झालेल्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात, बाकीचे ऐन तारुण्यात घरी परततात. आपल्या खानदेशातली कितीतरी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावून, घाम गाळून या भरतीला उतरतात. असा एखादा पुतण्या, भाचा उद्या काम शोधत आपल्या खोलीवर येईल. ‘काढून टाकलं का रे तुला?’ असं त्याला कुणी विचारू नका, मुलांच्या देखत तर नाहीच. आधी त्याला जेवायला वाढा, चार वर्षं कुठे-कुठे होता ते ऐका, मुलांनाही जवळ बसू द्या. आणि सकाळी मिलमध्ये सुपरवायझरशी त्याच्यासाठी स्वतः बोला.